लाकी पाना आणि आठ गाड्यांचे ब्रेक

आमच्या स्कोरासे बेटावर गाडीला परीक्षा द्यावी लागत नाही. पलीकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या मोठ्या जमिनीवर, तीन वर्षांहून जुनी गाडी दरवर्षी तपासून घ्यायची, दाखला मिळवायचा, तो नसेल तर रस्त्यावर काढायची नाही, असा कायदा आहे. आमच्यासारख्या छोट्या बेटांना त्यातून सूट. त्यामुळे इथे गाडी बोटीतून एकदा उतरली की उतरली. परत जात नाही. मेली की जुन्या दगडखाणीत नेऊन ठेवतात आणि तिचे अवयव काढून बाकीच्यांना बसवतात. ते बसवणारा माणूस म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, लाकी.

खरं नाव लाक्लन मॅकफी. पण बेटावर माणसं ऐंशी, त्यात तेवीस मॅकफी आणि त्यातले चार लाक्लन. कोणाला हाक मारली हे कळणार कसं? म्हणून आमच्याकडे धंद्यावरून नाव पडतं. तो लाकी पाना. मी टपाल कचेरी आणि तिला चिकटलेलं दुकान चालवते म्हणून डॉली टपाल. माझं डोकं लवकर तापतं हेही बेटावर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवते, ही हकीकत मी शांतपणे सांगणार नाही.

लाकी एकाहत्तर वर्षांचा. उंच, काटकुळा, बोलणं मोजकं. चाळीस वर्षं बेटावरची प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. बॉनेट उघडून तो आधी काहीच करायचा नाही, नुसता कान लावून उभा राहायचा, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा. मग ‘हं’ म्हणायचा आणि खाणीकडे चालायला लागायचा. संध्याकाळपर्यंत गाडी सुरू. दरवाजा दोरीने बांधलेला असेल, सीटखाली मासळीच्या खोक्याची फळी असेल, पण गाडी सुरू. ‘लाकीने हात लावलाय ना? मग झालं,’ असं लोक म्हणायचे, आणि त्यात थट्टेचा लवलेश नसायचा.

फेब्रुवारीत माझी बहीण इफी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि बर्फावरून घसरली. खुबा मोडला. हेलिकॉप्टर आलं, तिला घेऊन गेलं. पलीकडच्या बंदरापासून चाळीस मैल आत ते इस्पितळ. शस्त्रक्रिया झाली, मग चालायला शिकवणं सुरू झालं, आणि बघता बघता मे उजाडला. आता तिला घरी सोडायचं की नाही, हे ठरवायला एक प्रेंटिस बाई नेमलेल्या होत्या. वाईट नव्हत्या. नियमाच्या होत्या.

‘‘दर बुधवारी तपासणीला आणावं लागेल, तीन महिने,’’ त्या फोनवर म्हणाल्या. ‘‘आणायची खात्रीची सोय असेल तरच बेटावर सोडता येईल. नाहीतर आतल्या गावात एका वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मला कळायला हवं.’’

‘‘बस आहे की,’’ मी म्हटलं.

‘‘बस बंदरावरून दहाला सुटते.’’

‘‘आणि बोट साडेदहाला लागते.’’

‘‘हो,’’ प्रेंटिस बाई म्हणाल्या, ‘‘ते माझ्या लक्षात आलंय.’’

कोणी ठरवलं असेल हे वेळापत्रक? मला तो माणूस एकदा दुकानात गिऱ्हाईक म्हणून मिळू दे. इस्पितळाची गाडी बंदरावर येते, पण फक्त सकाळी नऊच्या आधी. टॅक्सी त्या बंदरावर एकच, आणि तिचा मालक गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्याच इस्पितळात. राहता राहिली लाकीची लाल व्हॅन. ती बोटीवर चढवायची, पलीकडे उतरवायची, इफीला न्यायचं-आणायचं. सोपं वाटतं ना? पण त्या व्हॅनला अकरा वर्षांत दाखला नव्हता.

त्या दिवशी इफीचा मला वेगळा फोन आला. ‘‘डॉली, लाकीला सांग, मला त्या आश्रमात ठेवू नको म्हणावं. एकदा आत गेलेलं माणूस तिथून बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. त्याला मी सांगणार नाही, तो रात्रभर जागा राहील. तू सांग.’’

म्हणजे तो मी सांगितल्यावर जागा राहणार नाही की काय! पण सांगितलं. लाकी दुकानाच्या बाकावर बसून ऐकत होता. उठला आणि म्हणाला, ‘‘ती परीक्षा काय असते ते वाच बरं.’’

मी संगणकावर वाचायला घेतलं. ब्रेक, दिवे, टायर, काच पुसणारी पाती, सीटचे पट्टे, धूर, गंज. एकेका ओळीला लाकी मान डोलवत होता. मग मी वाचलं की दाखल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

‘‘आणि रस्त्यावर आणल्याशिवाय दाखला मिळत नाही,’’ लाकी म्हणाला.

‘‘थांब रे जरा! खाली लिहिलंय. तपासणीची वेळ आधीच ठरवलेली असेल तर तिथे जाण्यापुरती चालवता येते.’’

‘‘मग ठरव.’’

मग ठरव! जणू मी पाव मागवतेय. ‘जवळचं तपासणी गॅरेज शोधा’ असं लिहिलं होतं, तिथे मी आमचा पिनकोड टाकला. यंत्राने क्षणात उत्तर दिलं: नऊ मैल. मी खूश. नाव पाहिलं तर ते शेजारच्या मोठ्या बेटावरचं गॅरेज. सरळ उडत जाणाऱ्या कावळ्याला नऊ मैल, हो! आम्हाला तिथे जायचं तर आधी मोठ्या जमिनीवर जायचं, तिथून दुसरी बोट, आणि मध्ये एक मुक्काम. मध्ये समुद्र आहे हे त्या यंत्राच्या गावीही नाही.

बंदराजवळच्या गॅरेजांना फोन लावले. पहिला म्हणाला, पाच आठवडे जागा नाही. दुसरा म्हणाला, सकाळी साडेआठला गाडी आणून लावा. ‘‘अहो, बोटच साडेदहाला येते!’’ तर म्हणतो, मग आदल्या दिवशी आणा. आदल्या दिवशी बोट नसते, आमची बोट सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिसऱ्याने विचारलं, ‘‘गाडी बेटावरची आहे का?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग माफ करा. मागच्या वेळी एक बेटावरची गाडी आम्ही वर उचलली, तर चाकं वर गेली आणि सीट खालीच राहिली.’’ मागून दोघं-तिघं हसत होते. मी फोन आपटला.

शेवटी वाट दाखवली ती बोटीवर तिकिटं फाडणाऱ्या रॉडीने. ‘‘डॉली, बंदराजवळच्या नगरपालिकेच्या वाहनतळात विचार. तिथे त्यांच्या कचऱ्याच्या गाड्या तपासतात, पण लोकांच्याही तपासाव्या लागतात. कोणाला माहीतच नसतं. ते दुरुस्ती करत नाहीत, नुसतं तपासतात. त्यामुळे उगाच नापास करून त्यांना काही मिळायचं नाही.’’

मग हे आधी का नाही सांगितलंस, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले. त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

वाहनतळातला तपासनीस टॅनॉक नावाचा गृहस्थ. त्याने सोमवारची वेळ दिली. लाकीने व्हॅनला तीन दिवस वाहून घेतलं. बाजूच्या सीटचा पट्टा नव्हताच. तो दोन वर्षांपूर्वी मेंढा बांधायला काढलेला. खाणीतून दुसरा आणला, घासून स्वच्छ केला. काचेवर पाणी उडवणाऱ्या टाकीत आयुष्यात पाणी भरलेलं नव्हतं. वरून एवढं पडत असताना भरायचं कशाला, हा आमचा बेटाचा विचार. ती भरली. नंबराची पाटी त्याने स्वतः ब्रशने रंगवलेली होती, ती उतरवून दुसरी मागवली. हॉर्न वाजेना, आमच्याकडे हात केला की पुरतं. तो वाजता केला. तळाला पत्रा जोडला. रविवारी चर्चहून येताना निम्मं बेट त्याच्या दारात उभं राहून बघत होतं.

‘‘पास होणार बघ,’’ धक्क्यावरचा इयन म्हणाला. ‘‘तू नाही पास झालास तर आम्ही सगळे खाणीत.’’

सोमवारी वारा सुटला. बोट रद्द.

मी धक्क्यावर उभी राहून त्या वाऱ्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. टॅनॉकला फोन केला. तो म्हणाला, ‘‘बाई, बोट तुमची, वारा तुमचा. वेळ मात्र माझी.’’ पण इफीचं सांगितल्यावर जरा नरमला, आणि बुधवारी दुपारी सव्वा वाजताची वेळ दिली. त्यानंतर थेट पुढच्या मंगळवारी. म्हणजे बुधवार हातचा गेला की प्रेंटिस बाईंचा शुक्रवार गेला, आणि इफी आश्रमात गेली. आता चुकायला जागाच नव्हती.

बुधवारी समुद्र शांत होता. पोस्टावर ‘बंद’ची पाटी लावून मी लाकीबरोबर गेले, कारण त्याला पलीकडच्या माणसांशी बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. बंदरावर उतरून शंभर पावलं गेलो नाही तोच पोलिसीण बाईंनी हात केला. दाखला कुठे? लाकी नुसता स्टीअरिंगकडे बघत बसला. मी सगळं सांगितलं, बोटीपासून खुब्यापर्यंत. तिने टॅनॉकला फोन लावून खात्री केली आणि म्हणाली, ‘‘सरळ तिथेच जा. दुकानात वगैरे थांबू नका.’’ माझं वय सदुसष्ट. शाळेतल्या पोरीसारखं बोलणं ऐकून घ्यावं लागलं.

टॅनॉक पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं थंड. त्याने व्हॅन आत घेतली. आम्हाला काचेमागे बाकावर बसवलं. दिवे पाहिले. टायर पाहिले. पट्टा हिसका देऊन पाहिला. हॉर्न वाजवला तेव्हा लाकी बसल्या जागी किंचित ताठ झाला. खालून जोडलेला पत्रा हातोडीने ठोकून पाहिला आणि आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या. ‘‘चांगलं जोडलंय,’’ काचेपलीकडून ऐकू आलं. मी लाकीच्या गुडघ्यावर थाप मारली. शेवटी राहिले ब्रेक. गाडीची चाकं फिरत्या रुळांवर ठेवून त्याने पॅडल दाबलं. आकडे बरे आले. मग त्याने एकदा सगळं बळ लावून दाबलं.

फट्‌ असा आवाज झाला. व्हॅनखाली तेलाचं थारोळं पसरलं.

लाकी मला कधी धावताना दिसला नव्हता, तो धावला. ‘‘तू ब्रेकचा पाइप फोडलास! चांगला होता तो! इतक्या जोरात कोण दाबतं?’’

टॅनॉक खाली उतरला. चष्मा पुसला. ‘‘समोर पोर आलं की दाबतात,’’ तो म्हणाला.

लाकी खाली वाकून व्हॅनखालचं तेल बघायला लागला.

टॅनॉकने कागदावर ‘धोकादायक’ अशी खूण केली. म्हणजे गाडी दुरुस्त झाल्याशिवाय एक इंचसुद्धा रस्त्यावर न्यायची नाही. पण तो माणूस वाईट नव्हता हो. म्हणाला, ‘‘हे एवढं सोडलं तर तुमची गाडी पास आहे. समोर सुट्या भागांचं दुकान आहे, ब्रेकच्या तेलाचा योग्य पाइप आणा, मागच्या अंगणात जागा देतो, तुम्ही स्वतः बसवा. साडेचारला मी पुन्हा बघेन. बसवता येईल ना?’’

बसवता येईल का, असं लाकी पान्याला विचारत होता! माझा जीव भांड्यात पडला. घड्याळात दोन वाजून वीस. शुक्रवारी सकाळी इफी त्या सीटवर बसलेली मला दिसायलाच लागली होती. लाकी दुकानात गेला, पाइपची गुंडाळी घेऊन आला, कुठल्या बुद्धीने कोण जाणे, चांगली मोठी घेऊन आला. व्हॅनखाली सरपटला. मी चहा आणायला गेले.

परत आले तर तो बाहेर पालथ्या डब्यावर बसलेला. हातात काढलेला जुना पाइप. दोन बोटांत धरून तो वाकवत होता, आणि त्याचा हिरवट चुरा त्याच्या पँटवर पडत होता.

‘‘हा कुठला पाइप, माहितीये?’’ तो म्हणाला. ‘‘आपल्या हेक्टरच्या बुडालेल्या मासेमारी बोटीतला. इंधनाची नळी. सहा वर्षांपूर्वी मी अख्खी सोडवून आणली होती. तांब्याची, चांगली दिसत होती.’’

‘‘बरं मग? काढलास ना आता? नवीन बसव.’’

‘‘डॉली, ती मी एकट्या माझ्या गाडीला नाही बसवली.’’

त्याने बोटांवर मोजलं. इयनची. माझ्या दुकानाची. दोघा शेतकरी भावांच्या दोन. पाद्रीबाबांची. हेक्टरच्या विधवेची. नर्सची. आणि मास्तरीण ग्रिझेलची. आठ. ग्रिझेल बेटावरच्या पाचही पोरांना रोज आपल्या गाडीतून शाळेत आणते-सोडते, आणि धक्क्याकडे उतरणारा रस्ता आमचा असा आहे की त्याच्या शेवटी पाणीच आहे.

‘‘फोन दे,’’ लाकी म्हणाला.

आधी इयनला लावला. लाकी एवढं सलग बोललेला मी कधी ऐकला नव्हता. माझी चूक झाली, म्हणाला. मी बसवलेला पाइप खोटा आहे, गाडी काढू नका, सगळ्यांना सांग. पलीकडून इयनचं हसणं मला चार फुटांवर ऐकू आलं. ‘‘लाकी पाना म्हणतो गाडी काढू नका! अरे, पलीकडची हवा लागली तुला. त्या सरकारी माणसाने घाबरवलं. सहा वर्षं धावतीये माझी. तू इफीला घेऊन ये, आम्ही धक्क्यावर उभे राहतो सगळे.’’

पाद्रीबाबा म्हणाले, ‘‘लाक्लन, तू स्वतःवर फार कठोर होतोस.’’

नर्स म्हणाली, परवा बघू.

ग्रिझेलने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘उद्या पोरांना बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर न्यायचंय हो, महिनाभर वाट बघतायत. मी अगदी हळू चालवीन. तुम्ही काळजी करू नका, आमच्यापायी इफीला तिकडे सोडू नका.’’

लाकीने फोन खाली ठेवला. ‘‘हळू चालवते म्हणे. उतारावर गाडी हळू कशाने करणार आहे ही? ब्रेकनेच ना?’’

काय मूर्ख माणसं! पण त्यांना तरी काय बोलू? चाळीस वर्षं ज्याच्या हाताने एक गाडी दगावली नाही, तो म्हणतो माझं काम खोटं आहे, तर कोण विश्वास ठेवणार? चांगलं नाव कमावल्याची अशी शिक्षा मी कुठे पाहिली नाही.

परतीची बोट चारला होती. त्यानंतर थेट शुक्रवारी. तीन वाजत आले होते. लाकी गुंडाळी खांद्याला अडकवून उभा राहिला.

‘‘कुठे निघालास?’’

‘‘बोटीला.’’

‘‘अरे, तासाभराचं काम आहे! हे बसव, साडेचारला दाखला घे, आज इथेच राहू, शुक्रवारी इफीला गाडीत घालून घरी! फोन करून पुन्हा सांगू ना त्यांना!’’

‘‘ऐकणार नाहीत.’’

‘‘मग मरू देत!’’

हे मी बोलले. टॅनॉक दारात उभा होता, त्याच्यासमोर बोलले. माझी स्वतःची गाडी त्या आठांत होती आणि माझ्या सुनेच्या ताब्यात होती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हतं. मला फक्त इफी दिसत होती. ती म्हणाली होती तिथे ठेवू नको म्हणून, आणि हा माणूस पाइपची गुंडाळी घेऊन निघाला होता. मी त्याची बाही धरली. त्याने सोडवली नाही, नुसता उभा राहिला.

‘‘मी सांगतो तिला,’’ तो म्हणाला, आणि इस्पितळाला फोन लावला.

मला त्याच्याच बाजूचं ऐकू येत होतं. ‘‘आठ,’’ तो म्हणाला. मग, ‘‘हो, पोरांची पण.’’ मग, ‘‘नाही, ऐकत नाहीयेत.’’ मग, ‘‘बरं.’’ मग त्याने फोन माझ्याकडे दिला, आणि इफीचा आवाज आला, अगदी कोरडा, ‘‘डॉली, त्याची बाही सोड.’’

मी धरली आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे. पन्नास वर्षांचा संसार, आणि मी तिची बहीण, कळणारच. सोडली.

प्रेंटिस बाईंना मी चार वेळा फोन केला. चार वेळा यंत्र बोललं. पाचव्यांदा त्या स्वतः बोलल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. ‘‘पण एकदा खोली दिली की सहा आठवड्यांनीच फेरविचार होतो. इथली खाट मला शुक्रवारी रिकामी हवी. गाडीचा दाखला असता तर,’’ त्या म्हणाल्या.

लाकी चारच्या बोटीने बेटावर गेला, व्हॅन टॅनॉकच्या अंगणात राहिली, मी बंदरावरच मुक्काम केला आणि गुरुवारी बस पकडून इस्पितळाच्या गावी गेले. शुक्रवारी सकाळी खानावळीत न्याहारीला बसले होते तेव्हा लाकीचा फोन आला. आवाज झोप न झालेल्या माणसाचा.

‘‘झालं. आठही बदलले. बुधवारी संध्याकाळी आधी ग्रिझेलची गाडी केली. मी समोर आडवा उभाच राहिलो, म्हणून ऐकलं.’’

‘‘आणि जुने?’’

‘‘कट्ट्यावर ठेवून एकेकाला दाब देऊन पाहिला. त्या टॅनॉकने दिला त्याच्या दुप्पट.’’

‘‘मग?’’

‘‘एकही फुटला नाही, डॉली. आठच्या आठ चांगले निघाले. माझी व्हॅन धक्क्यावर खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात उभी असते ना, म्हणून तिचाच तेवढा गेला. इयन सगळ्यांना सांगत फिरतोय. दुकानासमोर उभे राहून हसतायत. हसू देत.’’

मी फोन बंद केला. हातातला टोस्ट तसाच ठेवून उठले.

दुपारी इफीला आश्रमात नेलं, मी बरोबर होते. खोली स्वच्छ होती. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसत होता आणि त्यापलीकडे एक भिंत. इफी खाटेच्या कडेला बसली, कोट अंगातच, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. काम करणारी मुलगी दोनदा म्हणाली, ‘‘आजी, कोट द्या, अडकवते.’’ इफी ढिम्म. मुलगी गेली. चहा आला, निवला. तास गेला. मी काहीबाही बडबडत होते, हवेबद्दल, कोंबड्यांबद्दल. मला त्या मुलीवर ओरडावंसं वाटत होतं, प्रेंटिस बाईंवर, टॅनॉकवर, ज्याने कोणी बसचं वेळापत्रक केलं त्याच्यावर, आणि सगळ्यांत जास्त लाकीवर.

मग इफी म्हणाली, ‘‘काढले का त्याने पाइप?’’

‘‘काढले. आठही.’’

‘‘खराब होते?’’

ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती. हात मांडीवर घट्ट धरलेले.

‘‘ग्रिझेलचा,’’ मी म्हटलं. ‘‘लाकीने नुसता हात लावला तर तुटून हातात आला. तो म्हणाला, गुरुवारी त्या उतारावर गेलाच असता.’’

इफीने डोळे मिटले. मग तिने गळ्याजवळचं बटण काढलं, मग त्याखालचं, आणि मला म्हणाली, ‘‘जरा बाही ओढ गं, माझा खांदा दुखतो.’’